ड्रिल मशीन : मांडणी आणि सुरक्षित वापर

बंगळूर शहराच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर 'इलेक्ट्रॉनिक सिटी' या नावाने ओळखली जाणारी वसाहत आहे. कर्नाटक शासनाच्या 'केऑनिक्स' या महामंडळाची स्थापना १९७६ साली झाली आणि १९७८ साली कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या परिसरातील सुमारे ३३२ एकर जमिनीवर या महामंडळाने ही वसाहत उभारण्यास आरंभ केला. केऑनिक्सचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून ती साकारली. पुढे तिचे नाव प्रामुख्याने संगणकाच्या आज्ञावलींशी जोडले गेले. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटी म्हटले की काचेच्या इमारती आणि संगणकाच्या पडद्यासमोर बसलेली तरुण मंडळी एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

हे चित्र अपुरे आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे केवळ त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह नव्हे. तो प्रवाह ज्या पट्टीवरून वाहतो ती पट्टी, ती ज्या पेटीत बसवायची ती पत्र्याची पेटी, पेटीच्या दर्शनी भागावरील बटणे व दिवे, उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पंखेदार पट्टी हे सारे कोणीतरी धातू कापून आणि त्याला भोके पाडून तयार केलेले असते. स्क्रूला, तारेला आणि बटणाला भोक लागते. या वसाहतीत आणि तिला लागून असलेल्या बोम्मसंद्र व जिगणी या औद्योगिक क्षेत्रांत काम करणाऱ्या लहान कार्यशाळांना म्हणूनच एका साध्या यंत्रावाचून चालत नाही. ते यंत्र म्हणजे ड्रिल मशीन होय. अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा असो, औद्योगिक प्रशिक्षण संस्था असो किंवा घराच्या गच्चीवरील हौशी माणसाची खोली असो, नवशिक्याचा हात ज्या यंत्रावर पहिल्यांदा पडतो ते बहुधा हेच असते. दिसायला ते इतके निरुपद्रवी असते की त्याची भीती कोणालाच वाटत नाही. या यंत्रावर होणाऱ्या बहुतेक अपघातांचे मूळ या निर्धास्तपणातच असते.

सामत्यापासून विद्युत यंत्रापर्यंत

छिद्र पाडण्याची कला भारतीय उपखंडाला नवी नाही. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील नवाश्मयुगीन दफनभूमीत सापडलेल्या काही दाढांवर गारगोटीच्या टोकाने पाडलेली सूक्ष्म छिद्रे आढळली. ती सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीची असल्याचे संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केले. सिंधू संस्कृतीतील कारागीर अकीकाच्या लांबट मण्यांना आरपार भोके पाडत. गुजरातमधील खंभात येथील मणिकारांनी धनुष्याच्या दोरीने ड्रिल फिरवण्याची ती जुनी रीत अलीकडच्या काळापर्यंत टिकवून धरली. आपल्याकडील सुताराचा सामता याच कुळातला.

या सर्व साधनांत एक अडचण समान होती. धनुष्याच्या दोरीने फिरणारे हत्यार एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरते, आणि भोकात साठलेला किस बाहेर काढण्याची सोय त्यात नसते. १८६३ साली अमेरिकेतील स्टीफन मोर्स याने पिळाच्या ड्रिलचे एकस्व मिळवले. दांड्याभोवती फिरत वर चढणाऱ्या दोन खाचांमुळे कापलेला धातू आपोआप बाहेर येऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलर आणि व्हाइट यांनी उच्चवेगी पोलाद सिद्ध केले. हे पोलाद तापून लाल होईपर्यंत आपली कठीणता सोडत नाही, आणि त्यामुळे ड्रिल पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने फिरवता येऊ लागले. आज बाजारात 'एचएसएस' या अक्षरांनी ओळखले जाणारे ड्रिल याच पोलादाचे असते.

मराठी वाचकाला यंत्रांच्या या जगाचा परिचय किर्लोस्करांच्या नावामुळे झालेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९१० साली किर्लोस्करवाडीची स्थापना केली. त्याच परंपरेतून १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रहत्यारांचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर, १९५३ साली, बंगळुरात हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि १९६२ साली त्याच शहरात यंत्रहत्यारांच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक सिटी ज्या भूमीवर उभी राहिली तिला यंत्रविद्येची ही पार्श्वभूमी आधीच लाभलेली होती.

यंत्राची रचना

ड्रिल मशीनचे दोन प्रकार लहान कार्यशाळांत आढळतात. टेबलावर बसवण्याच्या यंत्रावर साधारणपणे १३ मिलिमीटर व्यासापर्यंतची छिद्रे पाडता येतात. जमिनीवर उभे राहणारे, उंच खांबाचे यंत्र २० ते २५ मिलिमीटरपर्यंतची छिद्रे पाडते. दोहोंची रचना मूलतः एकच असते.

तळाशी बिडाची जड बैठक असते. तिच्यातून एक गोल, गुळगुळीत खांब वर जातो. खांबावर वरखाली सरकणारा आणि हव्या त्या उंचीवर आवळता येणारा मंच असतो, आणि खांबाच्या माथ्यावर यंत्राचे डोके असते. डोक्याच्या मागील बाजूस मोटर आणि पुढील बाजूस स्पिंडल म्हणजे फिरता उभा दंड असतो. मोटर आणि स्पिंडल या दोहोंवर पायऱ्यापायऱ्यांची पुली असते आणि त्यांच्यावरून पट्टा जातो. स्पिंडलच्या खालच्या टोकाला तीन जबड्यांचा चक असतो व त्यात ड्रिल धरले जाते. बाजूची मूठ फिरवली की फिरता स्पिंडल खाली उतरतो आणि मूठ सोडली की स्प्रिंगच्या जोराने पुन्हा वर जातो. भोकाची खोली ठरवण्यासाठी एक अटकावही असतो.

हाताने धरायच्या ड्रिलपेक्षा या यंत्राचा गुण असा की, ड्रिल नेहमी एकाच उभ्या रेषेत उतरते. मात्र यंत्र नीट मांडलेले असले तरच हा गुण उपयोगी पडतो.

यंत्राची मांडणी

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र पक्के बसवणे. टेबलावरील यंत्राचा सारा भार वरच्या भागात, म्हणजे मोटर आणि डोके यांत असतो. केवळ ठेवलेले यंत्र जड वस्तू मंचाच्या एका बाजूला येताच कलंडू शकते. म्हणून बैठकीला दिलेल्या भोकांतून बोल्ट घालून ते मजबूत लाकडी किंवा लोखंडी टेबलाशी आवळावे. उंच खांबाचे यंत्र जमिनीतील काँक्रीटमध्ये बसवलेल्या बोल्टांनी जखडावे. बोल्ट आवळण्यापूर्वी पाणसळ लावून बैठक समपातळीत आणावी आणि आवश्यक तेथे पातळ पत्र्याच्या पट्ट्या सारून घ्याव्यात.

यंत्राची जागा निवडताना केवळ यंत्राचा नव्हे तर वस्तूचाही विचार करावा. दीड मीटर लांबीच्या पट्टीला मध्यभागी भोक पाडायचे असेल तर यंत्राच्या दोन्ही बाजूंना तितकी मोकळी जागा हवी. ये-जा करण्याच्या वाटेवर यंत्र नसावे, कारण मागून जाणाऱ्याचा धक्का कामगाराला लागणे हे अपघाताचे सोपे निमित्त आहे. पायाखालची जमीन कोरडी आणि तेलाचा अंश नसलेली असावी. मंचाची उंची अशी असावी की काम करणाऱ्याला वाकावे लागू नये आणि चेहराही ड्रिलच्या जवळ न्यावा लागू नये. साधारणपणे कोपराच्या उंचीला काम आले की दोन्ही गोष्टी साधतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मंच स्पिंडलशी काटकोनात आणणे. याची परीक्षा साध्या साधनाने करता येते. यंत्राचा प्लग काढून, एक जाड तार दोन ठिकाणी काटकोनात वाकवून तिचे एक टोक चकमध्ये धरावे आणि दुसरे टोक मंचावर, मध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर, जेमतेम टेकेल असे ठेवावे. मग चक हाताने हळूहळू फिरवून तारेचे टोक पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे न्यावे. चारही ठिकाणी तारेखालून कागदाचा तुकडा सारखाच अडखळत सरकला तर मंच काटकोनात आहे असे समजावे. एका बाजूस कागद सहज सरकतो आणि दुसऱ्या बाजूस अडकतो असे आढळले तर मंचाखालचा बोल्ट सैल करून कल दुरुस्त करावा. ज्यांच्याकडे डायल गेज आहे त्यांनी तारेच्या जागी तो लावावा.

तिसरी गोष्ट विजेची. यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि नीट जोडलेली भूतार हवीच. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर जाताच पुरवठा तोडणारा स्विच त्याच्या वाटेवर असणे हितावह आहे. याखेरीज एका गोष्टीकडे लहान कार्यशाळांत हमखास दुर्लक्ष होते. वीज अचानक जाते, कामगार बटण बंद न करता ड्रिल बदलू लागतो आणि त्याच वेळी वीज परत येते. हा प्रसंग टाळण्यासाठी वीज गेल्यावर स्वतःहून सुटणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारा स्टार्टर यंत्राला बसवावा. यंत्र थांबवण्याचे बटण मोठे, लाल आणि कामगाराला न पाहताही सापडेल अशा जागी असावे.

प्रकाशाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता सेकंदाला ५० असल्याने जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणारी नळी सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. मिनिटाला ३,००० फेरे घेणारे ड्रिल प्रत्येक उजळण्याच्या वेळी बरोबर अर्धा फेरा पुढे गेलेले असते, आणि दोन खाचांचे ड्रिल अर्ध्या फेऱ्यानंतर पूर्वीसारखेच दिसत असल्यामुळे ते थांबलेले आहे असा भास होतो. या भासावर विसंबून कोणी बोट पुढे नेले तर परिणाम काय होईल हे सांगायला नको. म्हणून यंत्राजवळ न लुकलुकणाऱ्या दिव्याची स्वतंत्र सोय असावी.

वेगाचा हिशेब

ड्रिल किती वेगाने फिरवायचे हे अंदाजाने ठरवण्याची गोष्ट नाही. महत्त्वाचा असतो तो ड्रिलच्या बाहेरच्या कडेचा वेग, म्हणजे ती कड मिनिटाला किती मीटर धातू कापत जाते हा आकडा. एचएसएस ड्रिलसाठी सौम्य पोलादात हा वेग सुमारे २५ ते ३०, बिडात २० ते २५, स्टेनलेस पोलादात १० ते १५ आणि ॲल्युमिनियममध्ये ६० किंवा त्याहून अधिक मीटर असतो. फेऱ्यांची संख्या काढण्यासाठी हा वेग १,००० ने गुणावा आणि ड्रिलचा मिलिमीटरमधील व्यास गुणिले ३.१४ या संख्येने भागावे.

उदाहरणार्थ, सौम्य पोलादात १० मिलिमीटरचे छिद्र पाडायचे आहे. वेग २५ धरला तर २५,००० भागिले ३१.४ म्हणजे मिनिटाला सुमारे ८०० फेरे येतात. ५ मिलिमीटरच्या ड्रिलला तोच हिशेब १,६०० फेरे सांगतो. यातून एक सोपा नियम हाती लागतो : ड्रिल जितके जाड तितके फेरे कमी. नवशिका नेमके उलट करतो. मोठ्या भोकाला जास्त जोर लागेल असे समजून तो वेग वाढवतो, आणि थोड्याच वेळात ड्रिलची कड अति तापून बोथट होते.

वेग बदलण्यासाठी पट्टा पुलीच्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर न्यावा लागतो. मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेत असेल, तिच्यावरील पायरी ५ सेंटिमीटर व्यासाची आणि स्पिंडलवरील १० सेंटिमीटर व्यासाची असेल, तर स्पिंडल त्याच्या निम्मे म्हणजे ७२० फेरे घेईल. पट्टा बदलण्यापूर्वी केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. पट्टा इतका ताणावा की मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर तो सुमारे एक सेंटिमीटर दबेल. काम सुरू करण्यापूर्वी पुलीवरचे झाकण लावलेच पाहिजे.

वस्तू जखडणे

या यंत्रावर वस्तू हाताने धरू नये हा नियम सर्वांनी ऐकलेला असतो, पण तो का हे फार थोड्यांना ठाऊक असते. नियमामागचे कारण कळले की तो पाळण्याचा कंटाळा येत नाही, म्हणून त्याचा हिशेब येथे मांडतो.

ड्रिल वस्तूच्या आत असते तोवर तिचे टोक आणि दोन्ही कडा सारख्या कापत असतात. ते आरपार जाण्याच्या क्षणी चित्र बदलते. तळाशी उरलेला पातळ धातू कापला न जाता फाटतो, त्याची कड ड्रिलच्या पिळात अडकते आणि स्क्रू जसा लाकडात शिरतो तसे ड्रिल स्वतःच पुढे ओढले जाते. आता ड्रिल आणि वस्तू एकजीव झालेली असतात, आणि वस्तू ड्रिलबरोबर फिरू लागते.

यंत्र मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १३ हून अधिक फेरे होतात. धोका दिसल्यापासून हात मागे घेईपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक-पंचमांश सेकंद लागतो, आणि तेवढ्यात वस्तूचे अडीच फेरे होऊन गेलेले असतात. ३० सेंटिमीटर लांबीची पट्टी मध्यावर अडकली असेल तर तिची टोके सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर वेगाने फिरतात. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर या वेगाला सुमारे साडेचार न्यूटन-मीटरचा पीळ देते, म्हणजे मध्यापासून १० सेंटिमीटरवर साडेचार किलो वजनाइतका जोर. हा आकडा लहान वाटतो. पण वस्तू अडकताच मोटर याच्या दुपटीहून अधिक पीळ क्षणभर देऊ शकते, आणि फिरत्या चकमध्ये व पुल्यांमध्ये साठलेली ऊर्जा त्यात भर घालते. शिवाय हा जोर बोथट दांड्याचा नसून पत्र्याच्या धारदार कडेचा असतो.

म्हणून वस्तू शेगड्यात आवळावी, आणि शेगडा मंचाच्या खाचांतून बोल्ट घालून जखडावा. शेगड्यात न मावणारी वस्तू पट्ट्या व बोल्टांनी थेट मंचावर आवळावी. बोल्ट पट्टीच्या मागच्या ठोकळ्यापेक्षा वस्तूच्या जवळ असावा, म्हणजे त्याचा बहुतेक दाब वस्तूवर पडतो. गोल दांडा 'व्ही' आकाराच्या ठोकळ्यात ठेवून आवळावा. लांब पट्टीचे मोठे टोक आपल्या डाव्या बाजूस, खांबाच्या डाव्या अंगाला टेकवून ठेवावे. ड्रिल वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. पट्टी अडकली तर तिचे ते टोक खांबावर आदळून थांबेल आणि कामगाराच्या पोटाकडे येणार नाही. पातळ पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून मगच त्याला भोक पाडावे. वस्तूखाली नेहमी लाकडाचा तुकडा द्यावा, म्हणजे मंचालाही भोके पडत नाहीत आणि तळाचा धातू फाटत नाही.

इतके करूनही वस्तू सुटून फिरू लागलीच, तर तिला पकडण्याचा प्रयत्न कदापि करू नये. मागे सरून यंत्र बंद करावे.

छिद्र पाडण्याची रीत

आधी छिद्राच्या मध्यावर सेंटर पंचने खूण करावी. ड्रिलच्या अगदी टोकाला एक आडवी, बोथट रेघ असते. ती कापत नाही, केवळ धातू ढकलते. खूण नसेल तर ड्रिल पृष्ठभागावर भटकते. याच कारणामुळे सुमारे १० मिलिमीटरहून मोठ्या छिद्रासाठी आधी लहान ड्रिलने वाट करून घेणे सोयीचे पडते.

ड्रिलच्या टोकाचा कोन सर्वसाधारण कामासाठी ११८ अंश असतो. दोन्ही कडांची लांबी आणि कोन सारखे नसतील तर एकच कड कापते आणि छिद्र मापापेक्षा मोठे होते. दोन्ही खाचांतून सारखा किस येत आहे की नाही हे पाहिले की ड्रिल नीट घासलेले आहे की नाही हे कळते.

ड्रिल चकमध्ये पुरेसे खोल धरावे आणि चकच्या तिन्ही भोकांत चावी घालून आवळावे. त्यानंतर चावी काढून ठेवावी. चकमध्ये विसरलेली चावी यंत्र सुरू होताच गोफणीच्या दगडासारखी उडते. काही चाव्यांना स्प्रिंग असते. हात काढला की अशी चावी आपोआप बाहेर पडते, म्हणून तीच वापरावी. चावी दोरीने किंवा साखळीने यंत्राला बांधून ठेवण्याची प्रथा मात्र चुकीची आहे, कारण ती दोरीच चकभोवती गुंडाळली जाऊ शकते.

मुठीवरचा दाब सारखा आणि मध्यम असावा. दाब फारच कमी ठेवला तर ड्रिल कापण्याऐवजी घासते व तापते. छिद्राची खोली व्यासाच्या तिपटीहून अधिक असेल तर ड्रिल मधूनमधून बाहेर काढून किस पडू द्यावा. ड्रिल आरपार जाण्याच्या बेतात असताना दाब कमी करावा. पोलादासाठी पाण्यात मिसळणारे कूलंट वापरावे. बीड आणि पितळ बहुधा कोरडेच कापतात. पितळासाठी ड्रिलच्या कडेची धार किंचित मारून घ्यावी, अन्यथा ड्रिल पितळात एकदम ओढले जाते. किस कधीही हाताने काढू नये, यंत्र थांबवून ब्रशने काढावा. पोलादाचा लांब, पिळदार किस गरम आणि वस्तऱ्यासारखा धारदार असतो. तो लांबू लागला की मुठीचा दाब क्षणभर सोडावा, म्हणजे तो तुटतो.

परिपथाच्या पट्टीचे छिद्र

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या व्यवसायात एक खास काम येते. ते म्हणजे मुद्रित परिपथाच्या पट्टीला, व्यवहारात जिला 'पीसीबी' म्हणतात तिला, छिद्रे पाडणे. ही पट्टी काचेच्या धाग्यांचे कापड आणि इपॉक्सी राळ यांची बनलेली असून तिच्यावर तांब्याचा पातळ थर असतो. सुट्या भागांच्या तारा घालण्यासाठी तिला साधारण ०.८ ते १ मिलिमीटर व्यासाची छिद्रे लागतात. आजकाल पुष्कळ भाग पट्टीच्या पृष्ठभागावरच डाखले जात असल्याने अशी छिद्रे कमी झाली आहेत. परंतु एका थरातील तांबे दुसऱ्या थरातील तांब्याला जोडणारी सूक्ष्म छिद्रे उलट वाढली आहेत.

वर दिलेला हिशेब येथे लावून पाहावा. १ मिलिमीटरचे ड्रिल मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या साध्या यंत्रावर लावले तर त्याच्या कडेचा वेग जेमतेम साडेनऊ मीटर होतो. ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलला साधारण ९४ मीटर वेग द्यायचा असेल तर मिनिटाला एक लाख फेरे लागतात. पट्ट्यांच्या मोठ्या कारखान्यांत इतक्या व याहूनही अधिक वेगाने फिरणारे, संगणकाने चालणारे स्पिंडल का वापरतात हे यावरून कळेल. लहान प्रयोगशाळेत मात्र नमुन्यादाखल एखादी पट्टी साध्या यंत्राच्या सर्वाधिक वेगावर भोके पाडून तयार करतात, आणि ते शक्यही असते.

काचेच्या धाग्यांमुळे एचएसएस ड्रिल लवकर बोथट होते, म्हणून येथे टंगस्टन कार्बाइडचे ड्रिल वापरतात. ते अतिशय कठीण पण काचेसारखे ठिसूळ असते. पट्टी जराशी आडवी सरकली की ते तुटून त्याचा तुकडा उडतो. या कामात उडणारी पांढरी धूळ म्हणजे काचेचे आणि राळेचे कण होत. ती फुंकर मारून उडवू नये. यंत्राजवळ धूळ शोषणारी नळी लावावी आणि नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी.

शरीर, वस्त्रे आणि डोळे

फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालू नयेत. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण हातमोजे संरक्षणासाठी असतात अशी आपली समजूत आहे. पत्रा उचलताना ते अवश्य घालावेत. ड्रिलजवळ मात्र मोज्याचा एक धागा अडकला की मोजा आणि त्याबरोबर बोटे ओढली जातात.

हाच नियम प्रत्येक लोंबत्या वस्तूला लागू आहे : साडीचा पदर, ओढणी, लुंगीचे टोक, सैल बाह्या, बांगड्या, अंगठी, मनगटावरचा गंडा, गळ्यातील साखळी किंवा मंगळसूत्र. इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या ठिकाणी त्यात आणखी एकाची भर पडते. येथे जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्राची फीत असते. कार्यालयातून प्रयोगशाळेत येताना ती काढून ठेवण्याचे भान राहत नाही, आणि वाकून पाहताना ती नेमकी चकच्या समोर लोंबते. ती यंत्राजवळच्या खुंटीवर टांगून मगच बटणाला हात लावण्याची सवय करावी. लांब केस बांधून टोपीखाली घ्यावेत.

चष्मा असला तरी डोळ्यांचे संरक्षण होते असे नाही. साध्या चष्म्याच्या बाजू उघड्या असतात. बाजू झाकणारा सुरक्षा-चष्मा प्रत्येक छिद्राच्या वेळी, मग ते कितीही लहान असो, वापरावा. डोळ्यात कण गेल्यास डोळा चोळू नये. रुतलेला कण स्वतः काढण्याच्या फंदात न पडता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

या दक्षतेला कायद्याचाही आधार आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २१ अन्वये यंत्रांच्या धोकादायक भागांना आवरण घालणे आणि कलम ३५ अन्वये डोळ्यांच्या संरक्षणाची सोय करणे कारखानदारावर बंधनकारक केले होते. अनेक दशके हाच कायदा भारतीय कामगाराचा आधार होता. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत त्याचा समावेश करण्यात आला. तथापि प्रयोगशाळेतील विद्यार्थी आणि घरी काम करणारा हौशी माणूस कारखान्याच्या कायद्याच्या कक्षेत येतोच असे नाही. त्याला आवरण घालावयास सांगणारा निरीक्षक नसतो, म्हणून त्याची जबाबदारी अधिक आहे.

कार्यशाळा चालवणाऱ्यांनी शेवटी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या परिसरात कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, उडिया, बंगाली आणि मराठी बोलणारी माणसे एकाच छताखाली काम करतात, आणि यंत्राशेजारची सूचना बहुधा इंग्रजीत असते. जी सूचना यंत्र चालवणाऱ्याला वाचता येत नाही ती नसल्यासारखीच आहे. यंत्राजवळ पाच ओळींचा फलक पुरेसा होतो : डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे नाहीत, गळ्यात काही लोंबते नाही, वस्तू जखडलेली आहे, चकमध्ये चावी नाही. तो यंत्र चालवणाऱ्यांच्या भाषेत लिहावा, नव्या माणसाला पहिल्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्यातील प्रत्येक ओळीमागचे कारण त्याच्याकडून वदवून घ्यावे. कारण सांगता आले की मगच त्याला बटणाला हात लावू द्यावा.